दहा टायरी टिपरची पासिंग, ब्रासचा हिशेब आणि ओढण्याची ताकद

निरेकाठ
मंडळी, धाकटा भाऊ वापरलेला दहा टायरी टिपर घेतोय. क्रशरवरून खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) साइटवर टाकायचं काम मिळतंय, भाडं ब्रासवर, म्हणजे मालाच्या मापावर. गाडी २०१६ ची, २५१८ आहे. विकणारा म्हणतो, "पाच ब्रास आरामात बसते, चढाला इंजिन हू की चू करत नाही." आरसी पाहिली तर लॅडन वेट (माल भरून) २५,००० किलो आणि अनलॅडन (रिकामी) १०,६०० किलो. शोरूमला नव्या दहा टायरी गाड्या २८ टनी पासिंगच्या आहेत, मग ही २५ ची का? आणि खरोखर किती ब्रास भरायचे? घरी पन्नास एचपीचा ट्रॅक्टरही आहे, हंगामात दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेतो. तो किती ओढू शकतो हे कुठे लिहिलेलं असतं, तेही कुणीतरी सांगा. पैसे द्यायच्या आधी हिशेब पक्का करायचाय.

घाटवळण
निरेकाठ भाऊ, पैसे द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

आरसीवरचे दोन आकडे वजा करा. २५,००० वजा १०,६०० म्हणजे १४,४००. एवढाच तुमचा माल, किलोसुद्धा जास्त नाही. आणि त्या १०,६०० वरही डोळे झाकून विसंबू नका. जुन्या टिपरला मालक लोक हौद्याला आतून जाड पत्रा मारतात, फाळक्याची उंची वाढवतात, कमानीत (स्प्रिंगमध्ये) जादा पाटे घालतात. रिकामी गाडी टाकी फुल्ल करून, स्टेपनी आणि ड्रायव्हर-क्लिनरसकट काट्यावर घाला. रिकामी गाडी ११,२०० भरली तर वरचे सहाशे किलो तुमच्या मालातून गेले.

२५ आणि २८ चं कोडं असं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या) वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरांचा मागचा एकेरी ॲक्सल १०.२ टनांवरून ११.५ वर गेला, जोड ॲक्सल (मागचे दोन मिळून) १९ वरून २१ वर. त्यामुळे सहा टायरी गाडीची कमाल मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली, दहा टायरीची २५ वरून २८.५ आणि मोठ्या ट्रेलरची ४९ वरून ५५. तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे जुन्या तक्त्यावर पास झालेली. शेजारच्या गाडीची पासिंग काय आहे याने काही बदलत नाही, रस्त्यावर अडवलं की तुमचीच आरसी बघतात.

आता ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट, ते माप आहे, वजन नव्हे. खरा घोळ इथेच होतो, कारण भाडं मापावर मिळतं आणि कायदा वजन बघतो. २० एमएम खडीचा ब्रास साधारण सव्वाचार टनांचा, म्हणजे १४.४ टनांत सव्वातीन, फार तर साडेतीनला जरा कमी. कोरडी क्रश सँड साडेचारच्या आसपास, आणि चांगली भिजलेली असेल तर पाच टनांजवळ. किंचित दमट वाळू मात्र फुगते, तेव्हा तेवढ्याच मापात वजन कमी भरतं. म्हणून नुसत्या नजरेने वाळूचा अंदाज बांधता येत नाही.

पाच ब्रास खडी म्हणजे सव्वाएकवीस टन. गाडीसकट जवळजवळ ३२. पासिंगच्या वर सात टन!

कमानपाटा
वरच्या प्रतिसादाला जोड देतो, गॅरेजच्या बाजूने.

"इंजिन ओढतं" हे वाक्य गाडी विकताना सगळेच बोलतात. ते खोटं नाही, पण निम्मंच आहे. गाडीच्या नावातच दोन्ही आकडे असतात. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८० हॉर्सपॉवर. जुनी १६१३ म्हणजे १६ टन, १३०. आताची ५५३० म्हणजे ५५ टन, ३००. पहिल्या गिअरला १८० चं इंजिन ३२ टन हलवेल, चढवेलही. पण ते वजन पेलायचं काम इंजिनाचं नाहीच. ते पाटे, हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच), हब बेअरिंग आणि टायर पेलतात, आणि थांबवतात ब्रेकचे लायनर.

टायरच्या बगलेवर बघा. १०.०० आर २० च्या बऱ्याच टायरांवर १४६/१४३ असा आकडा असतो. १४६ म्हणजे एकटा लावला तर ३,००० किलो, १४३ म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी २,७२५ किलो, तेही कंपनीने सांगितलेली हवा असेल तर. पुढचे दोन टायर मिळून ६ टन. मागचे आठ १९ टन पेलतात तेव्हा एकेकावर २,३७५ येतात, म्हणजे थोडी सवड राहते. पाच ब्रास भरले की मागे २५ टनांच्या वर जातात आणि एकेका टायरवर ३,१०० च्या पुढे. मग उन्हाळ्यात दुपारी टायर फुटला की लोक रस्त्याला नावं ठेवतात. त्यात जोडीतल्या एकाची हवा कमी असेल तर दुसऱ्याचे हाल विचारू नका.

गाडी घेताना खाली वाकून पाटे बघा. जादा पाटे घातलेले दिसले तर समजा की ती ओव्हरलोडवरच चाललीय. हाउसिंगवर वेल्डिंगचा जोड दिसला तर व्यवहार सोडा, मेहेरबानी करून सोडा. आणि जादा पाटा घातल्याने गाडीची ताकद वाढते हा गैरसमज आहे. गाडी खाली बसत नाही एवढंच होतं. वजन मग थेट हाउसिंग आणि चेसिसवर जातं.

मालवाहू
हिशेब बरोबर आहे, पण धंद्याचं बोला की. सव्वातीन ब्रास टाकून डिझेल, हप्ता, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता निघत नाही. क्रशरवर रांगेत उभ्या असलेल्या दहा गाड्यांपैकी एखादीच अंडरलोड निघते. ठेकेदार म्हणतो, "तो पाच टाकतो, तू का नाही?" आणि दुसऱ्या दिवशी गाडी बदलतो. मी स्वतः आता अंडरलोडच चालवतो, त्यामुळे कामं गेली हे सांगायला लाज वाटत नाही. पण नवीन पोराला हे आधी कळू दे. पाच ब्रासचा दर धरून हप्ता बसवला असेल तर सव्वातीन ब्रासवर तो फिटणार नाही.

म्हणून निरेकाठ, भाऊ गाडी कितीला घेतोय ते नंतर बघा. आधी सव्वातीन ब्रासवर महिन्याचं गणित मांडा. त्यात बसत नसेल तर २८ टनी नवी गाडी किंवा बारा टायरी बघा, नाहीतर हे कामच घेऊ नका.

घाटवळण
मालवाहू दादा, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. भरडला जातो तो एका गाडीचा मालकच. पण कायदा काय म्हणतो तेही त्याला माहीत हवं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आहे, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. सात टन धरले तर ३४,०००. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी जागची हलू देत नाहीत. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. दंड पूर्वीही होता, पण २,००० आणि टनाला १,००० होता तेव्हा लोक तो खर्चात धरून चालायचे. आता तसं धरता येत नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. कलमात फक्त "चालवणारा" नाही, "चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा" पण आहे. ड्रायव्हर मालक नसेल तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच हे झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. "मी घरी होतो, पोराने भरलं" ही सबब पुरत नाही.

सांगली_ते_डॅलस
ट्रॅक्टरच्या ओढण्याबद्दल विचारलंय म्हणून इकडचं सांगतो. टेक्सासमध्ये पिकअपमागे कॅम्पर किंवा बोट जोडणं हा घरोघरचा प्रकार. जाहिरातीत "९,००० पौंड ओढते" असं ठसठशीत छापतात. इकडचे आपले लोकही तोच आकडा बघून गाडी घेतात. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, समजा १,५०० पौंड. ७,००० पौंडांचा कॅम्पर जोडला की त्याचा १० ते १५ टक्के भार हुकवर खाली दाबतो. १२ टक्के धरा, ८४० पौंड झाले. उरले ६६०. त्यात चार माणसं, कुत्रा, बर्फाची पेटी आणि खुद्द हुकचं लोखंड. ओढण्याची ताकद अजून २,००० पौंड शिल्लक आहे आणि पेलण्याची संपली.

हुकवरचा हा भार कमी करायला लोक कॅम्परमध्ये सामान मागे सरकवतात. तसं अजिबात करू नका. मागे जड झालेला ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो आणि पिकअपलाही सोबत घेऊन आडवा होतो.

ओढण्याचा आकडा काढताना इकडे ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाच्या लांब चढावर ठरलेला वेग राखून दाखवावा लागतो, अशी मोजणीची पद्धत ठरलेली आहे. म्हणजे आकडा हवेतला नाही. पण तो अगदी हलक्या भरलेल्या गाडीचा असतो, घरच्या सगळ्यांना घेऊन निघालेल्या गाडीचा नव्हे.

उसाचा_फड
निरेकाठ, तुमचा ट्रॉलीचा प्रश्न मला टिपरपेक्षा महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रॉलीची वेगळी नोंदणी असते, तिच्या कागदावर भरलेलं वजन लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात तो किती ओढू शकतो ते असतं. दोन्हींत जो आकडा लहान तो तुमचा. पण आमच्या भागात हे कागद कुणी उघडत नाही. फडात ऊस भरताना मोळ्या संपेपर्यंत भरतात, मग दोरखंड आवळतात, आणि कारखान्याच्या काट्यावर आकडा कळतो तेव्हा गाडी सगळा रस्ता तुडवून आलेली असते.

आता ढोबळ हिशेब बघा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. त्याच्या मागच्या चाकांवर साधारण १.४ टन. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक लागतो तो मागच्या चाकांनाच. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर सगळा भार थांबवायचा तो त्या १.४ टनांच्या पकडीवर. कोरडा डांबरी रस्ता असला तरी ती पकड एक टनाच्या जोरापलीकडे जात नाही. दोन ट्रॉल्या दहा-दहा टनांच्या धरल्या तर मागे-पुढे मिळून २२ टन. २५ च्या वेगाने चाललात आणि सपाटीवर ब्रेक मारला तर थांबायला पन्नासेक मीटर लागतील. आणि शंभर फुटाला पाच फूट असा उतार असेल, तर २२ टनांचा खाली ओढणारा जोरच १.१ टन होतो. म्हणजे ब्रेकची सगळी ताकद उतारच खाऊन टाकतो, थांबायला काही उरत नाही. ओढ्यावरच्या पुलाकडे उतरणारा कुठलाही रस्ता डोळ्यासमोर आणा.

म्हणून माझं म्हणणं, "किती ओढतो" हा प्रश्न उलटा विचारा: किती थांबवतो? पन्नासचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या सपाटीला ओढेल, आम्ही रोज बघतो. थांबवणार मात्र नाही.

हुक कुठे लावता तेही बघा. ट्रॅक्टरच्या खालच्या जोडालाच लावा. वर लावला तर चढाला मागचा भार ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर उलटवू बघतो आणि पुढची चाकं हलकी होतात. चाकं उचलली की स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही. पुढे दगड बांधून चालवणारे आहेत. तो उपाय नव्हे, भार जास्त झाल्याचा तो पुरावा आहे.

एकच ट्रॉली लावा, ब्रेकवाली घ्या. आता हायड्रॉलिक ब्रेकच्या ट्रॉल्या मिळतात. मागे रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवाच. रात्री उसाच्या ट्रॉलीत मागून घुसलेल्या दुचाकीची बातमी दर हंगामात येते, आणि त्या पोरांची वयं वाचवत नाहीत.

निरेकाठ
उसाचा फड काका, हे वाचून वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, दुसरी ट्रॉली विकूया. टिपरचं मात्र अजून ठरत नाही. बोरघाटाच्या खाली खोपोलीकडेही अधूनमधून काम मिळेल असं ठेकेदार म्हणतोय. घाटात उतरताना सव्वातीन आणि पाच ब्रासमध्ये नेमका काय फरक पडतो?

घाटवळण
फरक ब्रेकच्या ड्रममध्ये पडतो.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. पाचशेच धरू. २५ टनांची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा सोडते ती ३४ युनिट विजेएवढी. वीस मिनिटांत उतरलात तर एक किलोवॅटचे शंभर हीटर पूर्ण वेळ चालू ठेवल्यासारखं आहे. ३२ टन असतील तर ४३ युनिट. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनालाच वेग रोखायला लावणारा) चालू असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलला आलात तर सगळी लायनर आणि ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. लायनर जळाल्याचा वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करायची सवय ज्या ड्रायव्हरला आहे त्याला गाडी देऊ नका, कितीही जुना असो. इंजिन बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसरही बंद, आणि दर वेळी पेडल दाबताना टाकीतली हवा कमी होत जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता घाटासारखा दिसत नाही, म्हणून तिथे हे जास्त होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली ते सगळ्यांना आठवत असेल.

नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट भरल्या गाडीने चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मधे टाकायला गेलात आणि बसला नाही तर गाडी न्यूट्रललाच राहते.

मैलाचा_दगड
रस्त्याच्या कामात आहे म्हणून फक्त एक भर घालतो. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर लष्कराचे ड्रायव्हर ट्रक फिरवत होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम जगभर वापरतात: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. मागचा जोड १९ टनांचा असताना २५ टनांवर नेला तर वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढलं, झीज मात्र तिप्पट झाली. क्रशरपासून फाट्यापर्यंतचा गावरस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो याचं बरंचसं उत्तर यात आहे. तो रस्ता शाळेची मुलंही वापरतात.

कमानपाटा
एक राहिलं होतं. एकूण वजन २५ च्या आत असूनही ॲक्सल ओव्हरलोड होतो, हे कुणी लिहिलं नाही.

समजा रिकामी गाडी पुढे ४,७०० आणि मागे ५,९०० आहे. १४,४०० माल नीट पसरला की त्यातले १,३०० पुढे जातात. पुढे ६,०००, मागे १९,०००, दोन्ही काठोकाठ बरोबर. लोडरवाल्याने सगळा ढीग फाळक्याकडे ओतला तर पुढे तीनशेच जातात. पुढे ५,०००, मागे २०,०००. एकूण तेच २५, पण मागे एक टन जास्त आणि पुढे स्टेअरिंग हलकं.

काट्यावर हे बघायला काही वेगळं लागत नाही. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्या, पर्ची घ्या. मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचं कळलं. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवी, नाहीतर आकडा थोडा चुकतो.

निरेकाठ
सगळ्यांचे आभार. काल गाडी काट्यावर घातली. रिकामी १०,९४० भरली, आतून पत्रा मारलेला आहे. पाटे मूळचेच दिसले, हाउसिंगला जोड नाही. विकणाऱ्याला सव्वातीन ब्रासचा हिशेब दाखवून भाव उतरवून मागितलाय. ठेकेदाराला भाऊ सांगून आला, टनावर दर देत असाल तर येतो, ब्रासवर नाही. तो विचार करतो म्हणालाय. पण क्रशरवर लोडरवाला ऐकत नाही, बकेटवर बकेट टाकतच राहतो, आणि प्रत्येक फेरीला काट्यावर जाणं जमत नाही. यावर काय करता?

मालवाहू
टनावर दर मागितलात, हे सगळ्यात चांगलं केलंत. चार जणांनी मागितला तर ठेकेदारांना द्यावाच लागेल.

लोडरसाठी हौद्यात आतून पट्टा मारा. हौदा आतून मोजा. १४ फूट लांब आणि साडेसात रुंद असेल तर तळ १०५ चौरस फूट, म्हणजे साधारण साडेअकरा इंचाला एक ब्रास. तुमच्या काट्याप्रमाणे माल १४ टनांना थोडा जास्तच बसतो. खडीला सव्वातीन ब्रास धरा, तळापासून ३७ इंचावर लाल पट्टा. भिजलेल्या सँडला पावणेतीन, ३१ इंचावर पांढरा. चारही बाजूंनी मारा, म्हणजे ढीग मागे झाला तरी लगेच दिसतो. माल पसरून सपाट करून पट्ट्याला लागला पाहिजे, मधला शेंडा धरायचा नाही.

पहिल्यांदा पट्ट्यापर्यंत भरून काटा करा आणि फरक पडला तर पट्टा वर-खाली सरकवा. क्रशर बदलला की परत काटा करा, दगड बदलतो. ऑपरेटरला पट्टा दाखवून सांगा की याच्या वर टाकलं तर इथेच उतरवून घेईन. एकदा खरंच उतरवून घ्या. त्यानंतर तो तुमची गाडी ओळखतो.